साथ करणाऱ्या संताची यात्रा : तिरुनीलकंठ याळ्पाणरांच्या गावांतून चार दिवस

गाणाऱ्या संतांच्या गावी नेणाऱ्या यात्रा पुष्कळ आहेत. परंतु ज्या संताची सारी ओळख दुसऱ्याच्या गाण्याला केलेल्या साथीमुळे आहे, त्याच्या वाटेने नेणारी यात्रा मी यापूर्वी पाहिली नव्हती. तमिळ शैव परंपरेतील 63 नायन्मारांपैकी, म्हणजे शिवभक्त संतांपैकी, तिरुनीलकंठ याळ्पाणर हे असे संत आहेत. सातव्या शतकात बालसंत तिरुज्ञानसंबंदर गावोगावच्या शिवमंदिरांत पदे रचून गात असत आणि याळ्पाणर 'याळ' नावाच्या तंतुवाद्यावर ती पदे त्यांच्यामागोमाग वाजवत असत. चेन्नईतील एका लहान संस्थेने या जोडीच्या स्थळांची चार दिवसांची संगीतयात्रा आखली आहे आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही चौदा जण तिला गेलो होतो. चिदंबरम ते तिरुवारूर हा प्रवास, मुक्काम, दोन वेळचे जेवण, सोबतीला एक ओदुवार आणि एक निवेदिका, या सर्वांसाठी माणशी 18,500 रुपये घेतले गेले; चिदंबरमपर्यंत येण्याचा आणि परत जाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. मी तीस वर्षे कीर्तनाला आणि भजनाला पेटीची साथ करत आलो आहे, त्यामुळे या यात्रेचे मोजमाप मी साथीदाराच्या कानाने केले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ऐकण्याच्या बाबतीत ही यात्रा मोलाची आहे. आखणीच्या बाबतीत तिच्यात काही चुका आहेत आणि त्यांतली एक तर अशा ठिकाणी झाली, जिथे ती व्हायलाच नको होती.

ओदुवार म्हणजे शिवमंदिरांत पूजेच्या वेळी तेवारमची, म्हणजे तीन नायन्मारांच्या शिवस्तुतीच्या संग्रहातली, पदे गाणारा परंपरागत गायक. संबंदर, अप्पर आणि सुंदरर या तिघांची मिळून सुमारे आठशे पदिगम, म्हणजे पूर्ण पदे, आज उपलब्ध आहेत आणि एकेका पदिगमात बहुधा दहा-अकरा कडवी असतात. ती 'पण्' या जुन्या तमिळ स्वररचनांत बांधलेली आहेत. आमच्यासोबत आलेले ओदुवार साठीच्या घरातले होते. आवाज भरदार, बोलणे अगदी मोजके. गाण्याच्या आधी आणि गाणे संपल्यावर ते 'तिरुच्चिट्रंबलम्' असा चिदंबरमच्या नटराजाच्या सभेच्या नावाचा उच्चार करत आणि मगच श्रुतिपेटी सुरू किंवा बंद करत. चार दिवसांत त्यांनी ही शिस्त एकदाही मोडली नाही. संस्थेने त्यांना 'कलाकार' म्हणून आमच्यासमोर बसवले नाही. प्रत्येक मंदिरात ते आधी देवासमोर गात आणि आम्ही बाजूला उभे राहून ऐकत असू. ज्याने कोणी ही पद्धत ठरवली, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यामुळे आम्ही प्रेक्षक झालो नाही.

पहिल्या संध्याकाळी चिदंबरमच्या नटराज मंदिरात निवेदिकेने तेवारमच्या पुनर्प्राप्तीची कथा सांगितली. कथेनुसार ही पदे काळाच्या ओघात गायनातून जवळजवळ नाहीशी झाली होती. चोळ राजाने नंबियांडार नंबी या भक्ताच्या मदतीने चिदंबरमच्या एका बंद दालनातील ताडपत्रे उघडली, तेव्हा वाळवीने बराचसा भाग खाऊन टाकला होता आणि उरले तेवढेच आपल्या हाती आले. परंपरा या राजाला पहिला राजराज मानते, ज्याची कारकीर्द 985 ते 1014 अशी होती. त्याने बांधलेल्या तंजावरच्या मोठ्या मंदिरातील शिलालेखात पदे गाण्यासाठी नेमलेल्या 48 गायकांची आणि त्यांच्या साथीच्या दोन वादकांची नोंद आहे. निवेदिकेने ही नोंद गायकांच्या संख्येसाठी सांगितली. माझ्या मनात मात्र ते दोन वादक राहिले. एक उडुक्कै वाजवणारा, दुसरा मद्दळ वाजवणारा (दोन्ही चर्मवाद्ये), आणि दोघांचाही तांदूळ राजाच्या हिशेबात गायकांबरोबरच लिहिलेला.

या कथेचा खरा उत्तरार्ध दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळाला. शब्द सापडले, तरी चाली हरवल्या होत्या. तेव्हा राजा आणि नंबी यांना एरुक्कत्तंपुलियूर या गावी जाण्याचा आदेश मिळाला. तेथे याळ्पाणरांच्या वंशातील एक स्त्री होती आणि तिने पदांना पुन्हा पण् लावून दिले, असे परंपरा सांगते. म्हणजे आज जे तेवारम स्वरांत ऐकू येते, त्याची किल्ली गायकाच्या घराण्यात नव्हती, साथीदाराच्या घराण्यात होती. साथ करणारा माणूस मूळ गायकापेक्षा चाल अधिक नेमकी लक्षात ठेवतो, हा अनुभव आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला असतो. बुवा गेले तरी त्यांची चाल त्यांच्या पेटीवाल्याकडे विचारायला लोक जातात. ही कथा त्याच अनुभवातून जन्मली असावी, असे मला ऐकताक्षणी वाटले. निवेदिकेने याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली, जी संस्थेने दिलेल्या पुस्तिकेत नव्हती : ऑगस्ट 2021 मध्ये तमिळनाडू शासनाने मंदिरांसाठी ज्या नेमणुका केल्या, त्यांत एक तरुण स्त्री ओदुवार म्हणून नियुक्त झाली. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत हे वाक्य जरूर यावे.

एरुक्कत्तंपुलियूर म्हणजे आजचे राजेंद्रपट्टणम्, विरुद्धाचलमच्या जवळचे एक शांत खेडे. 'एरुक्कु' म्हणजे रुई. येथील शिव श्वेतार्कवनाचा, म्हणजे पांढऱ्या रुईच्या वनाचा स्वामी आहे आणि स्थळवृक्षही पांढरी रुईच आहे. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या आम्हा मंडळींना हा वृक्ष ओळखीचा वाटला. मंदिर लहान आहे, गर्दी नव्हती आणि ओदुवारांना भरपूर वेळ मिळाला. संबंदरांनी या स्थळावर रचलेले पद 'कुरिंजि' पण्णात आहे, जे आजचे ओदुवार हरिकांभोजीच्या स्वरांत गातात; हे स्वर आपल्या खमाज थाटाचे असल्याने कानाला ते पद परके वाटत नाही. याळ्पाणरांचे हे जन्मगाव आणि संबंदर त्यांच्यासोबत येथे आले होते, एवढ्या दोन गोष्टी मनात ठेवून ते पद ऐकले की त्याचा अर्थ बदलतो. एका प्रसिद्ध मुलाने आपल्या वादकाच्या गावी जाऊन त्या गावाच्या देवावर पद रचावे, यात जो सन्मान आहे, तो कुठल्याही पदवीत नसतो.

याळ्पाणर 'पाणर' या गायक-वादकांच्या जातीतले होते आणि त्या काळी या जातीला मंदिराच्या आत प्रवेश नव्हता. बाराव्या शतकात सेक्किळारांनी रचलेल्या पेरियपुराणमात त्यांचे जे चरित्र आहे, त्यात दारांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, आणि ही गोष्ट निवेदिकेने कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितली, हे मला महत्त्वाचे वाटते. मदुरैला ते मंदिराबाहेर उभे राहून याळ वाजवत असताना देवाने भक्तांच्या स्वप्नात येऊन त्यांना आत आणायला सांगितले. ओल्या जमिनीवर बसून वाजवल्यास याळेच्या तारा उतरतील, म्हणून त्यांना सोन्याचा पाट द्यायचाही आदेश झाला. तंतुवाद्य वाजवणाऱ्याला या तपशिलाचे मोल कळेल. देवाला भक्ताच्या मानापमानाची काळजी होती, तशीच त्याच्या तारांच्या दमटपणाचीही होती. तिरुवारूरला त्यांच्यासाठी उत्तरेकडे वेगळे द्वार उघडले गेले. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी पाहिलेल्या माणसाला या कथा ऐकताना दुसरे काही आठवणे शक्य नाही. दार उघडले, हा आनंद. पण ते वेगळे दार होते, ही बोच. निवेदिकेने दोन्ही बाजू सांगितल्या आणि निष्कर्ष आमच्यावर सोडला.

या यात्रेतील सर्वांत सुंदर सकाळ तिसऱ्या दिवसाची. शीर्काळी हे संबंदरांचे जन्मगाव. संबंदर तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील मंदिराच्या तळ्यात स्नानाला उतरले, काठावर मूल रडू लागले, तेव्हा पार्वतीने सोन्याच्या वाटीतून त्याला दूध पाजले आणि 'कोणी दिले?' असे वडिलांनी दरडावून विचारताच मुलाने गाऊन उत्तर दिले, ही कथा तमिळ घराघरांत माहीत आहे. ते पहिले पद तळ्याच्या पायऱ्यांवर बसून ऐकण्याची व्यवस्था संस्थेने केली होती. एका कानात कुंडल घातलेला, नंदीवर बसलेला, चंद्रकोर धारण केलेला आणि माझे मन चोरून नेणारा चोर, असे त्यात शिवाचे वर्णन आहे. हे पद 'नट्टपाडै' पण्णात आहे आणि आज गंभीरनाट रागात गायले जाते. सा, ग, म, प, नि एवढ्या पाचच स्वरांचा तो राग सकाळच्या पाण्यावर असा काही पसरला की आमच्यातले एरवी सतत छायाचित्रे काढणारे दोघे जणही हातातले फोन खाली ठेवून बसले. पदाच्या रचनेकडे येथे ओदुवारांनी स्वतःहून लक्ष वेधले. संबंदरांच्या बहुतेक पदांत आठव्या कडव्यात रावणाचे गर्वहरण येते, नवव्यात ब्रह्मदेव आणि विष्णू यांना शिवाचा आदि-अंत न सापडल्याची कथा येते, दहाव्यात बौद्ध-जैनांवरची टीका येते आणि शेवटच्या कडव्यात कवीचे स्वतःचे नाव येते. आपल्या अभंगांच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेची सवय असल्यामुळे हे शेवटचे कडवे आम्हांला लगेच ओळखू येऊ लागले आणि भाषा न कळणाऱ्या श्रोत्यालाही पद आता संपत आले आहे, हे समजू लागले. दहाव्या कडव्यांतील कटुतेबद्दल गटातल्या एका जैन सहप्रवाशांनी प्रश्न विचारला, तेव्हा निवेदिकेने तो टाळला नाही. सातव्या शतकातील तमिळ प्रदेशात राजाश्रयासाठी धर्मांमध्ये कशी स्पर्धा होती, हे त्यांनी शांतपणे सांगितले.

शीर्काळीच्या अगदी जवळ तिरुक्कोलक्का नावाचे स्थळ आहे. येथे मी ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. हाताने ताल धरून गाणाऱ्या लहान संबंदरांचे तळवे लाल झालेले पाहून शिवाने त्यांना येथे सोन्याचे टाळ दिले, अशी कथा आहे. पुढचा भाग अधिक मार्मिक आहे. सोने नाद देत नाही, हे प्रत्येक टाळकऱ्याला ठाऊक असते. काशाच्या टाळेचा नाद सोन्यात येणे शक्यच नाही. म्हणून देवीने त्या सोन्याच्या टाळांना नाद दिला आणि तिचे नाव 'ओसै कोडुत्त नायकी', म्हणजे नाद देणारी देवी, असे पडले. ही कथा रचणाऱ्याने कधीतरी टाळ हातात धरला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देवीसमोर आम्ही सर्वांनी आपापल्या जवळचे टाळ वाजवावेत, असे ओदुवारांनी सुचवले. आमच्यापैकी चौघांकडे ते होते. वारीत वाजणारे आमचे टाळ त्यांच्या लहान ताळांपेक्षा मोठे आणि जड असल्याने नाद जास्त घुमला, परंतु तेथील पुजाऱ्यांनी ते हसतमुखाने ऐकून घेतले.

आता तक्रारींकडे येतो. पहिली तक्रार त्याच दिवशी दुपारच्या सत्राबद्दल आहे. मुक्कामाच्या जागी संस्थेने याळेची एक नवी बनवलेली प्रतिकृती आणली होती आणि ती वाजवून दाखवण्यात आली. धनुष्यासारखी वळलेली मान, खाली होडीसारखा पोकळ भाग आणि मोकळ्या तारा. वाद्य देखणे होते आणि त्याचा आवाजही गोड होता. पण वाजवणाऱ्यांनी हाच संबंदरांच्या काळचा अस्सल नाद आहे, असे दोनदा सांगितले, ते योग्य झाले नाही. याळ प्रचारातून गेल्याला कित्येक शतके लोटली आहेत. जुन्या तमिळ ग्रंथांतून एकवीस तारांच्या मोठ्या याळेपासून सात तारांच्या याळेपर्यंत अनेक प्रकारांची वर्णने मिळतात, मंदिरांतील शिल्पांतून आकार मिळतो आणि विसाव्या शतकात स्वामी विपुलानंद यांनी या साहित्याचा अनेक वर्षे अभ्यास करून 1947 साली आपला याळविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही आज बनणारी प्रत्येक याळ हे अभ्यासपूर्वक केलेले अनुमान आहे. तसे सांगितले असते, तर त्या वाद्याचे आणि ते घडवणाऱ्या कारागिराचे मोल तसूभरही कमी झाले नसते. अनुमानाला अनुमान म्हटल्याने श्रद्धेला धक्का लागत नाही.

दुसरी तक्रार स्थळांच्या क्रमाची आहे. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्हांला आच्चाळपुरमला नेले. जुने नाव नल्लूर पेरुमणम्. वयाच्या सोळाव्या वर्षी संबंदरांचा विवाह येथे झाला आणि त्याच सोहळ्यात प्रकट झालेल्या ज्योतीत ते, त्यांची वधू, जमलेले सर्व आप्तेष्ट आणि त्यांच्यासोबत याळ्पाणर व त्यांची पत्नी मतंगचूळामणी असे सारे विलीन झाले. म्हणूनच संबंदर आणि याळ्पाणर या दोघांची पुण्यतिथी एकाच दिवशी, तमिळ पंचांगातील वैकाशी महिन्यात मूळ नक्षत्रावर येते. ओदुवारांनी येथे पंचाक्षरी मंत्राचे माहात्म्य सांगणारे पद गायले. ते 'कौशिकम्' पण्णातले आहे आणि कर्नाटक भैरवीत गायले जाते. या भैरवीचे आपल्या भैरवीशी नावापुरतेच नाते आहे. तिचा ऋषभ शुद्ध असतो आणि धैवत दोन्ही लागतात. तरीसुद्धा प्रेमाने विरघळून डोळ्यांतून पाणी वाहावे, अशा अर्थाच्या ओळीने सुरू होणारे ते पद ऐकल्यावर पुढे काही ऐकू नये, असेच वाटत होते. आणि नेमके त्यानंतर आमच्या यात्रेचा एक संपूर्ण दिवस शिल्लक होता. केवळ रस्ता सोयीचा पडतो म्हणून शेवटचे स्थळ मध्येच दाखवणे म्हणजे भैरवी मध्यंतरापूर्वी म्हणण्यासारखे आहे. तिरुवारूरपासून सुरुवात करून तिरुधर्मपुरममार्गे उत्तरेकडे येत आच्चाळपुरमला यात्रा संपवणे सहज शक्य आहे. मदुरै लांब पडते म्हणून ते वगळले, हे मी समजू शकतो. परंतु सात्तमंगै का वगळले, हे मला कळले नाही, कारण ते कारैक्काल-तिरुवारूरच्या पट्ट्यातच आहे. तेथील नीलनक्कर या वैदिक ब्राह्मण भक्ताने संबंदरांना घरी उतरवले. याळ्पाणर दांपत्याला कुठे जागा द्यावी, याचा त्यांना संकोच पडला. संबंदरांनी घराच्या मधोमध, अग्निकुंडाजवळची जागा देण्यास सांगितले आणि दोघे तेथे झोपायला जाताच कुंडातला अग्नी उजवीकडे वळून उजळला. याळ्पाणरांच्या यात्रेत हे घर नसेल, तर ती यात्रा अपुरी आहे.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. चौथ्या दिवशी सकाळी आम्हांला तिरुधर्मपुरमला जायचे होते, जे पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशातील कारैक्कालजवळ आहे. आमचा मुक्काम मयिलाडुदुरैला होता आणि मयिलाडुदुरैलाच धर्मपुरम नावाचा मोठा, प्रसिद्ध शैव मठ आहे. चालकाला दिलेल्या कागदावर केवळ 'धर्मपुरम' एवढेच लिहिले होते. त्याने गाडी सरळ मठाच्या दारात नेऊन उभी केली, त्याचा त्यात काही दोष नव्हता. चूक लक्षात येईपर्यंत, मठातल्या मंडळींना नमस्कार करून आणि समजावून बाहेर पडेपर्यंत, मग कारैक्कालचा रस्ता धरेपर्यंत पाऊण-एक तास गेला, वाटेत रेल्वे फाटकाने उरलेला वेळ घेतला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारसाठी मंदिर बंद व्हायला वीस मिनिटे राहिली होती. ज्या संस्थेची संपूर्ण यात्रा या एका स्थळाभोवती फिरते, तिने या नावाच्या गोंधळाची काळजी आधी घ्यायला हवी होती.

कारण तिरुधर्मपुरम हेच या दोघांच्या सहवासातले निर्णायक स्थळ आहे. हे याळ्पाणरांचे आजोळ. त्यांच्या नातेवाइकांनी अभिमानाने म्हटले की, संबंदरांच्या पदांची कीर्ती पसरते आहे ती आमच्या माणसाच्या याळेमुळे. आपल्याच माणसांनी केलेली ती स्तुती याळ्पाणरांना सहन झाली नाही. त्यांनी संबंदरांना विनंती केली की, याळेत मावणार नाही असे एखादे पद गा, म्हणजे यांना कळेल. संबंदरांनी जे पद गायले, ते 'याळमुरी' म्हणून ओळखले जाते. याळ्पाणरांची बोटे तारांवर फिरली, पण पद हाती येईना. त्यांनी याळ फोडायला हात उचलला, तेव्हा संबंदरांनी त्यांना अडवले, याळ त्यांच्याच हाती परत दिली आणि शिवशक्तीचे सारे रूप या वाद्यात मावेलच कसे, जेवढे येईल तेवढे वाजवा, असे सांगितले. येथील शिवाचे नावच 'याळमुरीनाथ' आहे.

वीस मिनिटांत ओदुवारांना अकरांपैकी चार कडवी गाता आली. तरुण हत्तिणीसारखी आणि हंसीसारखी जिची चाल आहे, त्या पर्वतकन्येसह आनंदात असणारा शिव, असे पहिल्या कडव्याचे चित्र आहे आणि ओदुवार ते कर्नाटक 'अठाणा' रागात गातात. हा आपला अडाणा नव्हे; तो शंकराभरणाच्या कुळातला, म्हणजे शुद्ध स्वरांच्या अंगाने जाणारा राग आहे. दार बंद झाले. तेव्हा ओदुवार काही न बोलता गोपुराच्या सावलीत बसले आणि उरलेली सात कडवी त्यांनी तेथे पूर्ण केली. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबले, एका आजींनी पिशवी खाली ठेवून हात जोडले. याळ्पाणरांचे वादनही मदुरैत दाराबाहेरच सुरू झाले होते, हे आम्ही दोनच दिवसांपूर्वी ऐकले होते; त्याची आठवण कोणी करून द्यायची गरज पडली नाही.

त्या रात्री तिरुवारूरच्या मुक्कामी एक जुनी पेटी सापडली. मी ओदुवारांना त्या पदाची पहिली ओळ पुन्हा म्हणण्याची विनंती केली आणि मागून पेटीवर ती घेण्याचा प्रयत्न केला. स्वर सगळे मिळाले, ओळ मात्र मिळाली नाही. ते एका स्वरावरून दुसऱ्यावर ज्या वळणाने जात होते, स्वराला ज्या लाटेवर ठेवत होते, ते पेटीच्या पट्टीत नाही. मोकळ्या तारांच्या याळेतही ते नसणार, कारण जिथे तार दाबून किंवा ओढून स्वर वळवता येत नाही, तिथे गमक कुठून येणार? पेटीला मींड नाही आणि तिचे स्वर बांधलेले आहेत, हे आक्षेप जुनेच आहेत आणि आकाशवाणीने 1940 ते 1971 पर्यंत पेटीला दूर ठेवले, ते अशाच कारणांनी. मी तो इतिहास नेहमी थोड्या रागाने सांगत आलो आहे. त्या रात्री पहिल्यांदा राग आला नाही. ओदुवारांनी सात-आठ वेळा ती ओळ म्हटली. शेवटी मी वळणे सोडून दिली, फक्त त्यांच्या विसाव्याच्या स्वरांवर पेटी धरून ठेवली आणि ते समाधानाने मान हलवत पुढच्या ओळीवर गेले. या एका तासासाठी मी ही यात्रा पुन्हा करीन.

उरलेल्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. राहण्याच्या जागा साध्या आणि स्वच्छ होत्या; केळीच्या पानावरचे जेवण उत्तम आणि वेळेवर मिळाले. मंदिरांच्या दगडी अंगणांतून भर उन्हात अनवाणी चालावे लागते, म्हणून ज्येष्ठांनी उन्हाळ्याच्या महिन्यांतली फेरी टाळावी. पुस्तिका तमिळ आणि इंग्रजीत होती. तिच्यात पदांचा अर्थ आहे, पण उच्चार नाहीत. देवनागरीत पदे छापली, तर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ओदुवारांमागोमाग म्हणता येईल. तमिळ नावांतला तो खास ळकार आपल्या 'ळ'हून वेगळा आहे, हे निवेदिकेने दाखवून दिले होते, तरीही न म्हणण्यापेक्षा आपल्या 'ळ'ने म्हटलेले बरे. निवेदिकेचे हिंदी अडखळते होते. विषयाची जाण मात्र इतकी पक्की होती की, मला त्याची अडचण वाटली नाही. ज्यांना केवळ दर्शन हवे आहे, त्यांना एकेका जागी दीड-दोन तास थांबणे कंटाळवाणे होईल. जे स्वतः गातात, वाजवतात किंवा भजनात बसतात, त्यांनी ही यात्रा अवश्य करावी आणि आपले टाळ बरोबर न्यावेत.

परतल्यावर मी या सर्व गोष्टी संस्थेला सविस्तर लिहून कळवल्या. आठ दिवसांनी उत्तर आले. पुढच्या फेरीत सुरुवात तिरुवारूरपासून होईल, सात्तमंगैचा समावेश करण्यासाठी एक दिवस वाढवण्याचा विचार आहे आणि चालकाच्या कागदावर आता 'तिरुधर्मपुरम, कारैक्काल' असे पूर्ण लिहिले आहे, असे त्यात म्हटले होते. याळेच्या प्रतिकृतीबद्दल मी जे लिहिले होते, त्यावर मात्र काही उत्तर नव्हते; तो प्रश्न मी त्यांना पुन्हा विचारला आहे.